त्या सालची गोडी छाटणी

द्राक्षाच्या वेलीला डोळे असतात, हे मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकले. काडीला जिथं पान फुटतं तिथं, पानाच्या बगलेत, एक फुगीर टिंब असतं. तो डोळा. त्यातून नवी काडी निघते आणि नशिबात असलं तर त्या काडीला घड लागतो. सगळ्याच डोळ्यांत घड नसतो, ही त्यातली मेख. बुडाजवळचे डोळे नुसता पाला देतात. घड असतो तो वरच्या डोळ्यांत, चौथ्या-पाचव्यात. हे मी माझ्या सुनेला इतक्यांदा सांगितलंय की बाजारातून द्राक्षं आणली की पिशवी ठेवता ठेवताच ती म्हणते, "आई, चौथा डोळा. मला पाठ आहे." पाठ असू दे. मी तरी सांगणार. त्या चौथ्या डोळ्यापायी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला, आणि तेव्हा मी तिथं हातात पाण्याची कळशी घेऊन उभी होते.

आमचा मळा दौलताबादच्या किल्ल्याखाली होता. मळा म्हणजे काय, दीडशेच्या आसपास वेली, एक विहीर, दोन बैल आणि आम्ही तिघं: मी, माझी आई, जिला मी बाई म्हणायची, आणि वडील, ज्यांना सगळी वस्ती अण्णा म्हणायची. एकेका वेलीला टेकू म्हणून एकेक पांगाऱ्याचं झाड लावलेलं असायचं. माघात पांगारा लालभडक फुलायचा आणि त्याच्या अंगाखांद्यावर भोकरी द्राक्षाचे हिरवेपिवळे घड लोंबायचे. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागलं की मला जाग यायची. अण्णा बैलांशी जेवढं बोलायचे तेवढं आयुष्यात बाईशी बोलले नसतील. घडात साखर उतरली की पोपटांच्या धाडी यायच्या, मग मी मचाणावर बसून फुटका डबा बडवायची. विरळणीत तोडलेली कच्ची द्राक्षं बाई ठेचून वरणात टाकायची. ते आंबट वरण, बाजरीची गरम भाकरी आणि वर लसणाचा ठेचा. अजून तोंडाला पाणी सुटतं बघा.

मळ्याच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला, मदारचाचाचं घर होतं. चाचा, त्यांची बायको बानूचाची, आणि एक बकरी. लेकरूबाळ नव्हतं. बानूचाचीचा सिरका, तुम्ही व्हिनेगर म्हणता तो, आख्ख्या वस्तीत नावाजलेला. फुटकी, गळालेली द्राक्षं गोळा करून ती बरणीत भरायची, तोंडाला फडकं बांधायची आणि बरणी धाब्यावर उन्हात ठेवायची. चाळीस दिवस कुणी हात लावायचा नाही. मधल्या दिवसांत रसाची दारू व्हायची आणि त्या बरणीतून असा काही गोडउग्र वास सुटायचा की आम्ही पोरी मुद्दाम जिन्यात जाऊन नाक वर करून बसायचो. चाची झाडू घेऊन मागं लागायची. "हटो गं तिथून! अभी हराम है वो. सिरका झाला की हलाल होईल, तब आना." त्या पंधरा-वीस दिवसांत ती स्वतः बरणीकडं तोंडसुद्धा करायची नाही, पाठ फिरवून धाब्यावर मिरच्या वाळवायची. आम्ही हसून हसून लोळायचो.

माझा नातू परदेशात असतो. त्यानं एकदा मला तिकडं नेलं आणि बर्फाच्या डोंगरांमधलं एक खोरं दाखवलं. उभ्या उतारावर दगडी बांध घातलेले आणि बांधाबांधावर द्राक्षवेली, पार ढगात जाईस्तोवर. तळघरात लाकडी पिंपं. तिथल्या मालकिणीनं पेल्यात थोडी वाईन ओतली. नातू म्हणाला, "आजी, नुसता वास घे." घेतला, आणि काय सांगू, मी एकदम जिन्यात जाऊन बसले! बानूचाचीच्या बरणीचा पंधराव्या दिवसाचा वास. घोट घेतला का विचाराल, तर घेतला. सुनेला सांगू नका. ती मालकीण माझ्याच वयाची होती, हात असेच राठ. मळ्यात नेऊन तिनं छाटलेली काडी दाखवली तेव्हा मी न राहवून बोटानं डोळे मोजायला लागले, तर तीही तिच्या भाषेत मोजायला लागली. आम्ही दोघी म्हाताऱ्या एकाच आकड्यावर थांबलो. नातू फोटो काढत राहिला.

तर छाटणी. आमच्याकडं वेल सालातून दोनदा छाटतात. उन्हाळ्यात घड उतरवले की एक खरड छाटणी. त्यात काडी पार बुडाशी, एक डोळा ठेवून कापायची. ते ढोबळ काम, त्याला सगळे हात चालायचे. चाचा सांगायचे आणि अण्णा, बाई, शेजारपाजारी सगळे कापायचे. दुसरी दसऱ्यानंतरची, तिला म्हणतात गोडी छाटणी. फळ येतं ते हिच्यावर. त्या वेळी मात्र कात्री एकट्या मदारचाचाच्या हातात. किल्ल्याखालच्या दहा-बारा मळ्यांची गोडी छाटणी तेच करायचे, आणि आधी त्यांचे वडील करायचे. कात्री चालत असताना जवळ कुणी आलेलं त्यांना खपायचं नाही. काडी दोन बोटांत धरून, डोळ्यांवरून अंगठा फिरवत, ओठातल्या ओठात काहीतरी मोजायचे आणि कच्च. आम्ही मागून तुकडे वेचायचो. कुणी कधी विचारलं नाही की किती मोजता. चाचा आहेत की! घरात आई असली की स्वयंपाक कुठं शिकून घेतो आपण?

मग ते साल आलं. गणपतीच्या दिवसांत पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत संपलं. वस्तीत गुलाल उडाला, अण्णांनी बैलांच्या शिंगांना नवे गोंडे बांधले. आनंद होताच, खोटं कशाला बोलू. त्याआधीच्या वर्षात रझाकारांनी माणसांना सळो की पळो केलं होतं. शेजारच्या मळ्याचे तात्या, त्यांचा धाकटा भाऊ भानुदास बाजाराला म्हणून गेला तो परत आला नाही. तिसऱ्या दिवशी ओढ्यात सापडला. पंचवीस वर्षांचा होता. मला खांद्यावर बसवून पोपट हाकलायचा. आणि मदारचाचाचा पुतण्या रशीद याच काळात चार महिने रझाकारांचा गणवेश घालून हिंडत होता. चाचांनी त्याला भर रस्त्यात जोड्यानं मारून घराबाहेर काढलं होतं, सगळ्यांनी बघितलं होतं. पण भानुदासला मारणाऱ्यांत रशीद होता का नव्हता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ॲक्शन झाली तसा तो कुठं पळाला, तेही नाही.

आता वारं फिरलं. लांबलांबच्या गावांहून काय काय कानावर यायचं; मोठी माणसं बोलता बोलता आम्हाला बघून गप्प व्हायची. तात्या दिवसभर पारावर बसून राहायचे. आधी ते न् मदारचाचा एका तंबाखूच्या चंचीतले, आणि आता एकच वाक्य: "मदारचं घर मी उभं ठेवणार नाय." त्यांच्या डोळ्यांकडं बघवायचं नाही. वाईट माणूस नव्हता हो. भावाला स्वतःच्या हातानं ओढ्यातून उचलून आणला होता त्यानं.

एका पहाटे बाई विहिरीवर गेली तर कठड्याआड चाचा न् चाची बसलेले. शहराचा रस्ता धरवत नव्हता आणि घरात राहवत नव्हतं.  बाईनं चाचीच्या मांडीवरचं बोचकं उचललं आणि त्या दोघांना मळ्याच्या टोकाला, कडबा ठेवायच्या खोलीत नेऊन बसवलं. मग घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा हादरलेच. "तुला कळतंय का काय करून बसलीस? तात्याला कळलं तर त्यांच्याआधी मला उभा चिरंल."

"मग चिरू द्या," बाई भाकरी थापतच म्हणाली. "मी काय त्यांना परत पाठवायची नाय."

मला समोर बसवून ती म्हणाली, "शके, तुझ्या तोंडातून अवाक्षर गेलं तर दोन माणसं मरतील. कळलं?" मी अकरा वर्षांची. मला वटवट केल्याशिवाय चैन पडायचं नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी बोलणंच बंद केलं. मैत्रिणींना वाटलं हिला गालफुगी झाली. बाई गवताच्या पाटीत भाकरी झाकून खोलीत न्यायची. दसऱ्याला लागून त्यांची बकरीद आली, तीही त्यांनी त्या कडब्यातच काढली. बाईनं चोरून शिरा केला. चाची तो खाता खाता रडली आणि वर म्हणाली, वेलदोडा कमी पडलाय. बाईला ते फार आवडलं.

दसरा झाला आणि छाटणी तोंडावर आली. दहा-बारा मळे, आणि छाटणारा गायब. सगळे तात्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. तात्या म्हणाले, "त्याच्याशिवाय काय अडतंय? आपल्याला हात नायत?" आणि आधी त्यांनीच कात्री चालवली. त्यांचं बघून बाकीच्यांनी. बाई अण्णांना हळूच म्हणाली, "अवं, चाचांना विचारा की एकदा." तर अण्णा फणकारले. "बावीस वरसं बघतोय मी. लपलेल्या माणसाला काय छाटणी विचारायची? तेवढी मला येते." डोंबल्याची येत होती! पण पुरुषाचा मान. शिवाय त्या खोलीकडं जायलाच ते घाबरत होते, हेही खरं. विहिरीकडच्या टोकानं त्यांनी सुरुवात केली, आणि हाताला जी सवय होती तसं कापत निघाले. सवय होती खरडीची. बुडाशी, एक डोळा ठेवून.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा कडब्याच्या खोलीजवळच्या ओळीला आले. मी तुकडे वेचत होते, बाई आळ्यात खत टाकत होती. तेवढ्यात तात्या बांधावरून आले. पांगाऱ्याच्या फांद्या उतरवत होते म्हणून हातात कोयता. "किती झालं रं?" म्हणून उभे राहिले. अण्णांनी एकदा खोलीच्या दाराकडं बघितलं. पण कापणं थांबवलं तर संशय येईल म्हणून त्यांनी पुढची काडी धरली आणि बुडाशी कात्री लावली.

आणि खोलीचं दार धाडकन उघडलं.

"अरे ए नामदेवा! हात रोक! आंधळा झालास काय?"

मदारचाचा. अनवाणी, दाढीत कडब्याची पानं, धावत आले आणि अण्णांच्या हातातली कात्री हिसकावली. "खरड कर रहा है तू, खरड! गोडीला असं कापतात का रे? इथं बघ." खाली पडलेली काडी उचलून त्यांनी अण्णांच्या तोंडासमोर धरली. "एक, दो, तीन, चार. घड इसमें होता. तू बुडाशी कापून सगळं फेकून दिलंस! किती वेली केल्यास?"

"सत्तर," अण्णा म्हणाले. शाळेत मार खाणाऱ्या पोरासारखं.

"या अल्ला." चाचा मटकन खाली बसले आणि ती काडी मांडीवर घेऊन रडायला लागले. मला आजवर कुणी विचारलं की देवाधर्माचं काय सांगता, तर मला हे आठवतं. जिवाच्या भीतीनं महिनाभर दडलेला माणूस दुसऱ्याच्या वेली चुकीच्या कापल्या म्हणून बाहेर आला. बाहेर कोण उभं आहे हे त्यानं बघितलंसुद्धा नव्हतं. बघितलं ते आत्ता, मान वर केली तेव्हा.

तात्यांचा कोयता धरलेला हात ताठ झाला होता. बाई टोपली टाकून मध्ये येऊन उभी राहिली. चाची दाराशी, पदर तोंडात.  तात्या चाचांकडं बघत होते, मग कापलेल्या खुंटाकडं, मग परत चाचांकडं. आणि बोलले ते भलतंच.

"मी बी अशीच छाटली," म्हणाले.

चाचांनी डोळे पुसले. "किती?"

"सगळी." मग म्हणाले, "भानूच्या चार ओळी सोडून."

"त्या का सोडल्या?"

"हात चालंना."

चाचा उठले.  तात्या नुसतं "चल" म्हणाले. कुठं, कशाला, काही नाही. चाचा कात्री घेऊन पुढं, तात्या कोयता घेऊन मागं. बाईनं घाईनं भरलेली कळशी माझ्या हातात दिली आणि कानात म्हणाली, "पाणी घेऊन जा संग. दोघांच्या मधी चाल." तेव्हा मला वाटलं, त्यांना तहान लागेल म्हणून. चार पावलांवर कळलं कशासाठी ते. आज मी स्वतः आई आहे, आजी आहे. आपल्या एकुलत्या लेकीला कोयत्यापुढं चालायला बाईनं कसं पाठवलं असेल, याचा विचार करायला लागले की मला बसावं लागतं.

तात्यांच्या मळ्यात भानुदासच्या चार ओळी तशाच वाढलेल्या होत्या, काड्या एकमेकींत गुंतलेल्या. चाचा पहिल्या वेलीपाशी थांबले. कात्री उचललीच नाही.  मग वळून त्यांनी कात्री तात्यांपुढं धरली. "इसको मी हात नाही लावणार. तू काट. मी मोजतो."

तात्यांनी कोयता खाली टाकला. कात्री घेतली. चाचांनी काडी दोन बोटांत धरली आणि जे आयुष्यभर ओठातल्या ओठात मोजलं ते पहिल्यांदा मोठ्यानं मोजलं. "एक. दो. तीन. चार. पाँच. इसके ऊपर. हाँ, आता काट." कच्च. कापल्या जागी पाण्याचा थेंब आला. दुसरी काडी. तिसरी. दुसऱ्या ओळीला तात्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण कात्री थांबली नाही. कापता कापताच, वर न बघता, त्यांनी विचारलं, "रशीद व्हता का रे त्यात?"

मी कळशी घट्ट धरली. चाचांना 'नाही' असं म्हणता आलं असतं. जीव वाचवायला कुणीही म्हटलं असतं.

"मालूम नाही, तात्या. खुदा की कसम मालूम नाही." पुढची काडी त्यांनी बोटांत धरली होती, ती सोडली नाही. "होता बी असंल."

तात्या थांबले. कात्री उघडी, काडीच्या दोन्ही बाजूंना पाती. मग म्हणाले, "मोजा."

चाचांनी मोजलं.

चारी ओळी संपेपर्यंत दिवस कलला. लोक बांधावर जमले होते, एकेकाची छाटणी चुकली होती, सगळ्यांचीच तोंडं उतरलेली.  तात्यांनी कात्री पुसून चाचांच्या हातात दिली. "झोपता कुठं?"

"नामदेवाच्या कडब्यात."

"आजपासून घरी झोपा," तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दारात मी हाय."

त्या साली किल्ल्याखालच्या मळ्यांत पाला माजला, घड नाहीच. आमच्या उरलेल्या वेलींना आले, आणि भानुदासच्या चार ओळींना इतके की पांगारे वाकले. मदारचाचा पुढं पंधरा वर्षं छाटत राहिले आणि मोठ्यानं मोजत राहिले, ज्याला शिकायचं त्यानं शिकावं म्हणून. मीही तशीच शिकले. तात्यांनी शब्द पाळला, काठी घेऊन ते त्यांच्या दारात बसले, हे सगळी वस्ती आजही सांगते आणि सांगताना छाती फुगवते. आतली गोष्ट मला बानूचाचीनं सांगितली, माझं लग्न ठरलं तेव्हा, माझे केस विंचरता विंचरता.

"लोग बोलते तात्यानं पहारा दिला," चाची म्हणाली. "दिला ना, झूठ नाही. पण तो बाहेर बसला होता और हम दोघं अंदर. तीन रात आम्ही झोपलो नाही गं. दुसऱ्या कुणाची भीती नव्हती. उसीकी होती. तो खाकरला की तेरे चाचा उठून बसायचे. चौथ्या रात्री थंडी पडली, तो खोकायला लागला. खोकतोय, खोकतोय, थांबतच नाही. मी चाचांना म्हटलं, दार उघडू?  ते भिंतीकडं तोंड करून पडले. मग मीच उठले. दोनदा कडी धरली आणि सोडली. तिसऱ्यांदा काढली, और त्याला म्हटलं, तात्या, अंदर येऊन झोप."